बाबांचा ईएफ ३० आहे, एमआरआयनं हार्टची 'एनर्जी' मोजून घ्यावी का?

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. वडील ५९ वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करून चालू ठेवणारा, शुगर १२ वर्षांपासून. जिना चढताना दम लागायला लागला, रात्री दोन उशा लागायला लागल्या, म्हणून इको केला तर ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हार्ट आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण, ३० टक्के. अँजिओग्राफीत ब्लॉक नाही. डॉक्टरांनी डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हार्ट फुगून त्याचा स्नायू कमजोर होणं, म्हणून सांगितलं आणि गोळ्या चालू केल्या. आता मुलानं कुठंतरी वाचलंय की एमआरआयनं सुई न टोचता, तुकडा न काढता हार्टच्या आतली एनर्जी, म्हणजे मेटाबॉलिझम, मोजता येतं. त्याचं विचारणं असं की हे सोलापुरात होतं का, नसेल तर पुण्या-मुंबईला न्यावं का, आणि त्या रिपोर्टवरनं बाबांचं औषध ठरेल का.

मी बरीच वर्षं हार्टचे एमआरआय बघतोय, त्यामुळं सरळ सांगतो. मोजता येतं, हे खरं आहे, आणि थोतांड अजिबात नाही. पण बाबांच्या औषधात आज त्या आकड्यानं काही फरक पडणार नाही, तेव्हा त्यासाठी गाडीभाडं आणि लॉजचा खर्च करून कुठं जाऊ नका. साधा कार्डिअ‍ॅक एमआरआय मात्र वेगळी गोष्ट आहे, तो बाबांच्या केसमध्ये उपयोगाचा ठरू शकतो, त्याचं खाली सांगतो. दोन्हीला लोक 'हार्टचा एमआरआय'च म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

हार्ट दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतं. त्यासाठी लागणारी शक्ती एटीपी नावाच्या रेणूतनं येते, आणि गंमत बघा, हार्टमध्ये एटीपीचा साठा नावालाच असतो, काही सेकंदांत संपेल एवढाच. म्हणजे सतत तयार करायचं आणि सतत वापरायचं. दिवसभराचा हिशोब केला तर हार्ट जवळपास ६ किलो एटीपी बनवतं आणि वापरतं असं धरलं जातं, स्वतःच्या वजनाच्या वीसपट तरी. यातलं बहुतेक सगळं मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांत, ऑक्सिजन वापरून बनतं. कच्चा माल म्हणून निरोगी हार्ट जास्त करून फॅटी अ‍ॅसिड जाळतं, त्याखालोखाल ग्लुकोज आणि लॅक्टेट, थोडे कीटोन, म्हणजे लिव्हर चरबीपासून बनवतं ते इंधन. उपाशी असलो की फॅट जास्त, जेवलो की ग्लुकोज जास्त, असं ते स्वतःच बदलत राहतं. हार्ट फेल होतं तेव्हा ही बदलायची ताकदच कमी होते, मायटोकाँड्रिया नीट काम करेनासे होतात आणि एटीपी बनवणं आणि पोचवणं दोन्ही मंदावतं.

पोचवणं हा शब्द मुद्दाम वापरला. एटीपी मायटोकाँड्रियात बनतं आणि लागतं आकुंचन करणाऱ्या तंतूंना. मधल्या वाहतुकीसाठी फॉस्फोक्रिएटिन नावाचा दुसरा रेणू असतो. क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम एटीपीतला फॉस्फेट क्रिएटिनला देतं, फॉस्फोक्रिएटिन बनतं, आणि तंतूंजवळ पुन्हा तेच एन्झाइम उलट काम करून तिथल्या तिथं एटीपी तयार करून देतं. हार्टवर ताण आला की शरीर एटीपीची पातळी शेवटपर्यंत टिकवायला बघतं, आणि त्याआधी फॉस्फोक्रिएटिन घसरतं. म्हणूनच या दोघांचं गुणोत्तर, फॉस्फोक्रिएटिन भागिले एटीपी, हा हार्टच्या तब्येतीचा एक आकडा मानला जातो. पुढचं सगळं याच आकड्याभोवती फिरतं.

तुमच्या बाबांना समजवायचं असेल तर त्यांच्याच भाषेत सांगा. ईएफ म्हणजे एका पाळीत लूमवरनं किती टॉवेल उतरले. माल कमी उतरला हे त्यावरनं कळतं, पण का उतरला नाही ते कळत नाही. धोटा अडकतोय, बीम खराब आहे, का मोटरला व्होल्टेजच कमी येतंय? एमआरआयचं हे मेटाबॉलिझमवालं काम म्हणजे व्होल्टेज मोजणं. जॉबर माणसाला हे एका मिनिटात पटेल.

आता एमआरआयनं हे दिसतं कसं. नेहमीचा एमआरआय, गुडघ्याचा म्हणा मणक्याचा म्हणा, शरीरातल्या पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडतो. पाणी भरपूर आहे म्हणून सिग्नल तगडा आणि चित्र स्वच्छ. पण चुंबकात सिग्नल देणारे अणू आणखीही आहेत, त्यातला एक फॉस्फरस. आणि एटीपी, फॉस्फोक्रिएटिन या दोघांतही फॉस्फरस आहे. म्हणजे निसर्गानंच खूण लावून ठेवलीय, बाहेरनं काही टोचायची गरज नाही, किरणोत्सर्ग नाही, गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयसाठी शिरेतनं देतात ते कॉन्ट्रास्ट, तेही नाही. प्रत्येक अणूची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर हायड्रोजन साधारण १२८ मेगाहर्ट्झला बोलतो आणि फॉस्फरस साधारण ५२ ला. त्यामुळं फॉस्फरस ऐकायचा तर वेगळी कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारी अँटेना, लागते, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, सॉफ्टवेअर वेगळं, आणि हे सगळं समजणारा फिजिक्सवाला माणूस लागतो. दवाखान्यासाठी जी मशीन विकली जातात ती मुळात फक्त हायड्रोजनसाठी असतात, दुसऱ्या अणूंचं पॅकेज वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं आणि रोजच्या पेशंटसाठी ते कुणी घेत नाही. आपल्याकडच्या सेंटरमध्ये विचारायला गेलात तर रिसेप्शनवरची मुलगी गोंधळून बघेल, त्यात तिचा दोष नाही.

आणि याला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. म्हणजे हार्टचं चित्र येत नाही, ग्राफ येतो. आडव्या रेषेवर उभे सुळके. हा ग्राफ एकदा नीट बघण्यासारखा आहे म्हणून जरा तपशिलात सांगतो. डावीकडं दोन बुटके सुळके दिसतात, ते हार्टचे नाहीतच, हार्टच्या कप्प्यातल्या रक्ताचे आहेत, तांबड्या पेशींमध्ये डीपीजी नावाचं फॉस्फरसवालं द्रव्य असतं त्याचे. त्यांच्या पुढं उजवीकडं एक उंच, अणकुचीदार सुळका, तो फॉस्फोक्रिएटिन. आणि त्याच्या उजवीकडं एटीपीचे तीन, कारण एटीपीत तीन फॉस्फेट आहेत आणि तिघांची जागा थोडी थोडी वेगळी. निरोगी माणसात फॉस्फोक्रिएटिनचं माप एटीपीच्या जवळपास दुप्पट येतं, १.८ ते २ च्या आसपास. हार्ट फेल्युअरमध्ये तो उंच सुळका खाली बसायला लागतो आणि एटीपीच्या बरोबरीला येऊ लागतो. पहिल्यांदा ज्यानं हा ग्राफ बघितला असेल त्याला काय वाटलं असेल असं मला नेहमी वाटतं, जिवंत माणसाच्या छातीत एटीपी आहे आणि ते समोर स्क्रीनवर दिसतंय! जनावरांच्या बाहेर काढलेल्या हार्टवर हे १९७७ च्या सुमारास जमलं आणि माणसाच्या हार्टवर १९८५ मध्ये पॉल बॉटमली यांच्या टीमनं करून दाखवलं.

पण हा ग्राफ मिळवणं कष्टाचं काम आहे. एटीपी पाण्याच्या तुलनेत हजारो पट कमी, म्हणजे सिग्नल क्षीण. म्हणून पुन्हा पुन्हा मोजून बेरीज करावी लागते, पेशंटला बऱ्याचदा पोटावर झोपवतात म्हणजे हार्ट कॉइलच्या जवळ येतं, ईसीजी लावून ठोक्याच्या ठराविक क्षणीच मोजायचं, आणि एवढं करून एका वेळी चमचाभर किंवा त्याहून जास्त मांसाचा मिळून एक सिग्नल मिळतो. भिंतीचा हा कोपरा, तो कोपरा असं बारीक सांगता येत नाही. मागची भिंत तर कॉइलपासून लांब, तिथलं मोजणं फार अवघड.

शिवाय आजूबाजूचा सिग्नल आत घुसतो. छातीच्या पिंजऱ्यावरचे स्नायू फॉस्फोक्रिएटिननं भरलेले असतात, त्यांचा थोडा सिग्नल मिसळला तर आजारी हार्टचा आकडा उगीच चांगला दिसेल. उलट लिव्हरमध्ये एटीपी असतं पण फॉस्फोक्रिएटिन नसतं, तिकडचा सिग्नल मिसळला तर चांगल्या हार्टचा आकडा उगीच वाईट दिसेल. रक्तातही एटीपी असतं, ते वजा करावं लागतं, आणि किती वजा करायचं ते त्या डावीकडच्या डीपीजीच्या सुळक्यांवरनं ठरवतात. म्हणून एका सेंटरचा १.६ आणि दुसऱ्या सेंटरचा १.६ एकच असतील असं नाही. प्रत्येक लॅब आधी स्वतःचे निरोगी लोक मोजते आणि मग त्यांच्याशी पेशंट ताडून बघते. शुगरच्या रिपोर्टसारखा कुठल्याही लॅबचा आकडा कुठंही चालेल अशी अवस्था अजून आलेली नाही, आणि माझ्या मते रोजच्या वापरात न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, मशीनचा खर्च त्याच्यानंतर.

एवढं अवघड आहे तर लोक याच्या मागं का लागले? कारण त्यातनं जे कळलं ते दुसऱ्या कशानं कळलं नसतं. १९९७ मध्ये जर्मनीत स्टीफन न्यूबाउअर आणि सहकाऱ्यांनी डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे ३९ पेशंट घेतले, म्हणजे तुमच्या बाबांचाच आजार. हे गुणोत्तर १.६ च्या वर असलेले आणि खाली असलेले असे दोन गट केले आणि सरासरी अडीच वर्षं बघितलं. खालच्या गटात ४० टक्के दगावले, वरच्या गटात ११ टक्के. म्हणजे हार्टची ऊर्जा खालावणं पुढच्या धोक्याशी बांधलेलं आहे, नुसतं सोबत दिसणारं लक्षण नाही. पेशंट थोडे होते हे खरं, ३९ म्हणजे काही फार नाही, पण दिशा स्पष्ट होती.

मग २००५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी, त्यात तेच बॉटमली, आणखी पुढचं काम केलं. गुणोत्तर सांगतं साठा किती आहे, पण प्रवाह किती आहे ते नाही सांगत. त्यांनी चुंबकीय युक्तीनं एटीपीच्या एका फॉस्फेटचा सिग्नल दाबून टाकला आणि फॉस्फोक्रिएटिनचा सुळका त्यामुळं किती वेगानं उतरतो ते मोजलं, कारण दोघांत फॉस्फेटची देवाणघेवाण चालू असते, एकाचा दाबला की दुसऱ्याचाही उतरतो, आणि जितकी देवाणघेवाण जोरात तितका जास्त उतरतो. यातनं क्रिएटिन कायनेजमधनं दर सेकंदाला किती एटीपी जातंय ते निघतं. सौम्य ते मध्यम हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये हा वेग निरोगी माणसाच्या जवळपास निम्म्यावर आलेला होता. साठा त्यामानानं थोडाच घटलेला आणि वेग मात्र निम्मा! मला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा निकाल वाटतो. आमचे पेशंट सांगतात ना, "बसलं की काय न्हाई, पण चार पायऱ्या चढलं की संपलं बघा," त्याला हे जुळतं. बसल्या जागी भागतं, मागणी वाढली की पुरवठा वाढत नाही.

तुमच्या बाबांना शुगर आहे म्हणून आणखी थोडं. शुगरच्या पेशंटमध्ये इको नॉर्मल असतानाही हे गुणोत्तर कमी आढळलंय, हे ऑक्सफर्डच्या ग्रुपनं २००३ मध्ये दाखवलं आणि नंतरही दिसत आलं. तसंच साध्या हायड्रोजनच्या स्पेक्ट्रोस्कोपीनं, म्हणजे वेगळी कॉइल न लावता, हार्टच्या पेशींत साठलेली चरबी मोजता येते. २००७ मध्ये डॅलसच्या लोकांनी दाखवलं की शुगरवाल्यांतच नाही तर शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांतही हार्टमधली चरबी वाढलेली असते. हार्टच्या बाहेरनं जो चरबीचा थर असतो तो वेगळा, ही पेशीच्या आतली. यासाठी दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर छोटा चौकोन ठेवतात, म्हणजे बाहेरची चरबी चौकोनात येत नाही.

आणखी एक प्रकार आहे आणि तो ऐकायला विज्ञानकथेसारखा वाटतो. पायरुव्हेट, म्हणजे ग्लुकोज तुटून बनणारं द्रव्य, कार्बन-१३ (चुंबकात सिग्नल देणारा कार्बन) लावून घ्यायचं, ते तीव्र चुंबकात जवळपास निरपेक्ष शून्यापर्यंत गार करून मायक्रोवेव्हनं असं तयार करायचं की त्याचा सिग्नल दहा हजार पटीपेक्षा जास्त होतो, मग गरम द्रावणानं झटकन विरघळवून लगेच शिरेत द्यायचं. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण हा वाढवलेला सिग्नल मिनिटभरात ओसरायला लागतो. तेवढ्या वेळात पायरुव्हेट हार्टमध्ये जातं आणि त्याचं काय होतं ते दिसतं, मायटोकाँड्रियात जाऊन जळलं तर बायकार्बोनेटचा सिग्नल, बाहेरच राहिलं तर लॅक्टेटचा. फॉस्फरसनं शिल्लक कळते, यानं कच्चा माल कुठल्या वाटेनं गेला ते कळतं. माणसाच्या हार्टवर पहिल्यांदा २०१६ मध्ये कॅनडात टोरोंटोला झालं, आणि २०२० मध्ये ऑक्सफर्डला शुगरच्या पेशंटमध्ये पायरुव्हेट जाळायची वाट मंदावलेली दिसली. सुई लागते हे खरं, शिरेतली, पण किरणोत्सर्ग नाही. पेटस्कॅनमध्ये ग्लुकोज हार्टनं उचललं का एवढं कळतं, उचलल्यावर त्याचं काय केलं ते कळत नाही, तो फरक इथं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, यानं औषध ठरतं का. इथं मला जरा जास्त बोलायचंय, कारण 'हार्टची एनर्जी वाढवा' म्हणून बाजारात जे विकलं जातंय ते बघून मला काळजी वाटते.

एनर्जीची कल्पना डॉक्टरांना योग्य दिशेला घेऊन गेली हे खरं. एकेकाळी वाटायचं हार्ट कमजोर आहे ना, मग त्याला जोर लावायला लावणारं औषध द्या. मिलरिनोन गोळीच्या रूपात दिलं, पेशंटला सुरुवातीला बरंही वाटलं असेल, पण १९९१ च्या प्रॉमिस ट्रायलमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. उलट बीटा ब्लॉकर, जे हार्टचा वेग आणि मागणी कमी करतात, जे पूर्वी हार्ट फेल्युअरमध्ये द्यायला डॉक्टर घाबरायचे, त्यांनी १९९९ च्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी केले. आधीच ऊर्जा अपुरी असलेल्या हार्टकडनं जास्त काम करून घेतलं की नुकसान, मागणी कमी केली की फायदा. तेव्हा बाबांना डॉक्टरांनी बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, म्हणजे बीटा ब्लॉकरच, दिलं असेल आणि "नाडी हळू पडायलीय, गोळी बंद करू का" असं ते म्हणत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका.

पण हीच कल्पना डोळे झाकून वापरली की फसते. ट्रायमेटाझिडीन बघा, आपल्याकडं भरपूर लिहिलं जातं, फॅटऐवजी ग्लुकोज जाळायला लावून ऑक्सिजन वाचवतं असा हिशोब. २००६ मध्ये इटलीत १२ पेशंटवर फॉस्फरस स्पेक्ट्रोस्कोपी केली, गुणोत्तर ३३ टक्क्यांनी वाढलं. आनंद झाला सगळ्यांना. मग २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या लोकांनी ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटना तेच औषध दिलं, तर गुणोत्तरही वाढलं नाही आणि व्यायामाच्या वेळचं हार्टमधलं प्रेशरही कमी झालं नाही. आजार वेगळ्या प्रकारचा होता, पेशंट दोन्हीकडं थोडे होते, म्हणून औषध निकामी आहे असं मी म्हणणार नाही, पण 'एनर्जीची गोळी' म्हणून डोक्यावर घेण्यासारखंही नाही.

दुसरं उदाहरण शुगरच्याच गोळीचं. पायोग्लिटाझोन इन्सुलिनचं काम सुधारतं, कागदावर हार्टला ग्लुकोज वापरायला मदत व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात ते अंगात पाणी धरून ठेवतं आणि हार्ट फेल्युअर बिघडवतं, इतकं की २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

आणि एसजीएलटी२ गट, लघवीवाटे साखर काढणाऱ्या शुगरच्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. यांनी हार्ट फेल्युअरमध्ये फायदा होतो हे पक्कं झालंय, २०१९ च्या डॅपा-एचएफ ट्रायलमध्ये ४,७४४ पेशंट होते आणि हार्टमुळं मृत्यू किंवा आजार बळावणं २६ टक्क्यांनी कमी झालं, शुगर असो वा नसो. फायदा का होतो यावर बऱ्याच जणांनी सांगितलं की कीटोन वाढतात, हार्टला चांगलं इंधन मिळतं. पटण्यासारखं होतं, मलाही पटलं होतं. मग ऑक्सफर्डनं एम्पा-व्हिजन ट्रायलमध्ये ७२ पेशंटना १२ आठवडे एम्पाग्लिफ्लोझिन किंवा खोटी गोळी देऊन फॉस्फरसनं मोजलं. गुणोत्तर हललं नाही. औषध चांगलंच आहे, पण ते इंधनाचं कारण निदान त्या मोजमापात तरी दिसलं नाही. या तंत्राची खरी किंमत मला इथं दिसते, चांगली वाटणारी गोष्ट जिवंत हार्टवर तपासून 'नाही' म्हणता येतं. म्हणून संशोधनासाठी याचं मोल फार आहे, आणि म्हणूनच एका पेशंटच्या एका आकड्यावर औषध बदलायची वेळ अजून आलेली नाही.

तर बाबांसाठी काय करायचं.

कार्डिओलॉजिस्टना विचारा की साधा कार्डिअ‍ॅक एमआरआय, गॅडोलिनियम देऊन, केला तर उपयोग होईल का. ब्लॉक नसताना ईएफ ३० आहे म्हणजे कारण शोधणं महत्त्वाचं. त्यात व्रण आहे का, कुठं आहे, जुनी सूज, लोह साठणं, अमायलॉइड (एक बिघडलेलं प्रथिन साठणं) असं काही आहे का ते कळतं. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीत भिंतीच्या मधोमध व्रणाचा पट्टा असेल तर धोका जास्त, लंडनच्या ४७२ पेशंटच्या अभ्यासात २०१३ मध्ये हे दाखवलंय, आणि छातीत शॉक देणारं डिव्हाइस बसवायचं का या चर्चेत डॉक्टर ते धरतात. या तपासणीला फॉस्फरसची कॉइल लागत नाही, कार्डिअ‍ॅक सॉफ्टवेअर आणि ते वाचणारा माणूस लागतो, तेव्हा सेंटरला फोन करून "कार्डिअ‍ॅक एमआरआय व्हायबिलिटीसकट करता का आणि रिपोर्ट कोण करतं" एवढं विचारूनच जा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा, शुगरच्या पेशंटची किडनी बघूनच गॅडोलिनियम देतात.

एक व्यवहारातली गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. ही तपासणी ४० ते ६० मिनिटं चालते, सपाट झोपावं लागतं आणि सारखं "श्वास घ्या, सोडा, थांबा" चालू असतं. ज्याला दोन उशा लागतात त्याला हे जड जातं. म्हणून पाय सुजलेले असताना, दम असताना घाई करून जाऊ नका, लॅसिक्सनं (लघवीवाटे पाणी काढणारी गोळी) पाणी उतरू द्या. आणि सकाळची लॅसिक्स घेऊन लगेच मशीनवर चढवलं तर अर्ध्यात लघवीला लागतं, बाबा संकोचून सांगत नाहीत, हलत राहतात, चित्रं खराब येतात. त्या दिवशीची गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. श्वास रोखायची घरी सवय करून घ्या, श्वास सोडून १० सेकंद थांबायचं, दिवसातनं चार वेळा. सुरुवातीला जमणार नाही, दोन दिवसांत जमेल.

गोळ्यांच्या चार गटांबद्दलही विचारा: एआरएनआय किंवा एसीई इनहिबिटर, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि एसजीएलटी२. बाबांना चारही चालू आहेत का, नसतील तर का नाहीत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कधी बीपी कमी म्हणून, कधी पोटॅशियम वाढलं म्हणून एखादं थांबवलेलं असतं, ते कारण कळलं पाहिजे. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यापासून स्वस्त कंपन्या भरपूर आल्यात, तेव्हा पैशामुळं अडत असेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा.

फक्त आपला उन्हाळा लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये कारखान्याच्या पत्र्याखाली काम, घाम, वरनं लॅसिक्स आणि एसजीएलटी२ दोन्ही पाणी काढणारे. चक्कर आली, उलट्या-जुलाब झाले, जेवण गेलं नाही किंवा कडक उपवास धरला तर त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून एसजीएलटी२ थांबवायची का ते विचारा, कारण जेवण नसताना ही गोळी चालू राहिली तर शुगर फार न वाढताही रक्तात कीटोन अ‍ॅसिड वाढू शकतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते पाणी आहे, दम लागायची वाट बघू नका. आणि मीठ. शेंगा चटणी, लोणचं, पापड यातलं मीठ बाबा मोजत नसतात, भाजीत कमी टाकून उपयोग होत नाही मग.

पुढच्या व्हिजिटला जाताना बाबांच्या शुगरच्या गोळ्यांची पाकिटं पण घेऊन जा, नुसती हार्टची नाही. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या बऱ्याच तीन-औषधांच्या गोळ्यांत तिसरं पायोग्लिटाझोन असतं, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं, आणि शुगरचे डॉक्टर वेगळे, हार्टचे वेगळे असले की ते तसंच चालू राहतं. आणि कंबर-गुडघ्यासाठी मेडिकलवरनं आणलेली डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक असली काही पट्टी असेल, जॉबरचं काम उभ्याचं आहे म्हणजे असणारच, तर ती पण त्याच पिशवीत टाका. त्यानं पाणी साठतं आणि किडनीवर येतं, पण "ती काय रोजची गोळी नव्हं" म्हणून पेशंट डॉक्टरांना कधीच सांगत नाहीत.